हिमालयन ४११ घ्यावी का? मालकांचं कौतुक आणि तक्रारी आपल्या वापराला कशा लावून बघायच्या

सध्या रॉयल एनफिल्डची सेकंडहँड हिमालयन ४११ शोधणारे लोक बरेच दिसतात आणि त्याला कारणं पण आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी हिमालयन ४५० आली तेव्हा बऱ्याच जुन्या मालकांनी ४११ विकायला काढल्या, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या बाइकवर जीएसटी थेट ४० टक्के झाला, त्यामुळे नवी घेणं अजून जड झालं. मग माणूस जुन्या गाड्या बघायला लागतो, चार मालकांना विचारतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. एक म्हणतो अशी गाडी परत होणे नाही, दुसरा म्हणतो घेऊ नको रे बाबा पस्तावशील, आणि दोघांची गाडी तीच असते, मॉडेल तेच, कधीकधी वर्ष पण तेच.

दोघंही खरं बोलत असतात. ऑलराउंडर गाडी म्हणजे जी ऑफिसलाही न्यायची, घाटातही न्यायची, लडाखलाही न्यायची आणि रविवारी आईला मागे बसवून देवळातही न्यायची. असल्या गाडीत प्रत्येक कामासाठी थोडी थोडी तडजोड केलेली असते, त्यामुळे तिचं कौतुक आणि तिची तक्रार बहुतेक वेळा एकाच पार्टबद्दल असते, फक्त रस्ता वेगळा असतो. म्हणून गुण किती आणि दोष किती असं मोजून काही हाती लागत नाही. कुठला गुण तुमच्या किती किलोमीटरला कामी येतो आणि कुठला दोष तुम्हाला किती किलोमीटर सोसायचाय ते बघायचं. ते कसं बघायचं तेच इथे लिहितोय.

आधी आपले किलोमीटर लिहून काढा

गाडीचा व्हिडिओ बघायच्या आधी एक कागद घ्या. मागच्या वर्षभरात तुम्ही दुचाकीवर कुठे कुठे गेलात ते आठवून चार भाग करा: शहरातलं ट्रॅफिक, हायवे, घाट, आणि कच्चा किंवा फुटलेला रस्ता. प्रत्येकापुढे अंदाजे किलोमीटर टाका आणि त्यातले किती डबलसीट होते ते पण लिहा. पुढच्या वर्षी काय करणार आहात ते लिहू नका, मागच्या वर्षी काय केलंत तेच लिहा, कारण पुढच्या वर्षी प्रत्येक जण स्पितीला जाणार असतो.

समजा तुम्ही कोथरूडला राहता आणि हिंजवडीला कामाला जाता. येऊन जाऊन रोजचे ३५ किलोमीटर धरले आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले तरी साडेआठ हजारांच्या आसपास नुसतं ट्रॅफिक झालं. कोकणाच्या तीन चार ट्रिपा मारल्या तर दीड दोन हजार. अस्सल कच्चा रस्ता वर्षाकाठी दोनशे किलोमीटर भरला तरी खूप झालं. आता या माणसाला कोणी मालक सांगतोय की खडीवरून गाडी काय जबरदस्त जाते, तर ते कौतुक त्याच्या दोनशे किलोमीटरपुरतं आहे. आणि कोणी सांगतोय की ट्रॅफिकमध्ये गाडी जड लागते, हात भरून येतात, तर ती तक्रार साडेआठ हजार किलोमीटरची आहे. आता उलटं बघा. एखादा मास्तर भोरला राहतो, शाळा आत डोंगरातल्या गावात, पावसाळ्यात अर्धा रस्ता वाहून जातो, वाटेत सिग्नल एकही नाही. त्याच्यासाठी ह्याच दोन वाक्यांची किंमत बरोबर उलटी होते.

हा कागद शेवटपर्यंत जवळ ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर लावून बघायचंय.

गाडीचे आकडे आणि ते रस्त्यावर काय करतात

४११ सीसीचं एअर-ऑइल कूल्ड सिंगल सिलिंडर इंजिन, ताकद साधारण साडेचोवीस बीएचपी, टॉर्क ३२ न्यूटन मीटर, पाच गिअर. बोअर ७८ आणि स्ट्रोक ८६ मिलिमीटर, म्हणजे लाँग स्ट्रोक इंजिन, आणि हेच या गाडीचं मर्म आहे. टॉर्क सव्वाचार हजार आरपीएमच्या आसपासच पूर्ण मिळतो, त्यामुळे आंबा घाटात भरलेल्या ट्रकच्या मागे पंचवीसच्या स्पीडने चढायचं असेल तर गाडी कुरकुर करत नाही, सारखा क्लच दाबावा लागत नाही, खडीच्या चढावर हळू हळू चालवत नेता येते. पण त्याच ट्रकला ओव्हरटेक करायला समोर छोटासा मोकळा पट्टा मिळाला, मागे माणूस बसलेला आहे आणि दोन्ही बाजूला बॅगा आहेत, तेव्हा साडेचोवीस बीएचपी आणि १९९ किलो (बीएस६, म्हणजे २०२० च्या प्रदूषण नियमांच्या मॉडेलचं, पेट्रोल भरून वजन) हे गणित आडवं येतं. तुम्ही पिळता आणि गाडी तिच्या मनानेच वेग घेते. इंजिन तेच, घाट तोच, चढताना गुण आणि ओव्हरटेकला दोष.

हायवेला ९० ते १०० पर्यंत गाडी आरामात चालते, काउंटर बॅलन्सर असल्यामुळे जुन्या बुलेटसारखी थरथर नाही. १०० च्या पुढे इंजिनचा जोर संपत आल्याचं कळतं. मालकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते की टॉप एंडला दम नाही. पण इथे मला एक सांगायचंय जे बरेच जण धरतच नाहीत. महाराष्ट्रातले दोन सगळ्यात वेगवान रस्ते, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्ग, दोन्हीवर दुचाकीला बंदी आहे. राहिला पुणे-कोल्हापूर हायवे, मुंबई-गोवा हायवे आणि बाकीचे, तिथे चौपदरी रस्त्यावर सुद्धा दुचाकीला कायद्याने मर्यादा ८० ची आहे, आणि मुंबई-गोव्यावर तर कामं आणि डायव्हर्जन इतकी वर्षं चाललीत की ८० लागलं तरी माणूस खूश होतो. त्यामुळे १२० ला गाडी थकते ही तक्रार खरी असली तरी तुमच्या कागदावर ती किती किलोमीटरला लागू होते ते प्रामाणिकपणे बघा. माझ्या मते महाराष्ट्रात फिरणाऱ्या माणसासाठी या तक्रारीला गरजेपेक्षा जास्त भाव दिला जातो आणि वजनाच्या तक्रारीला गरजेपेक्षा कमी.

सीटची उंची ८०० मिलिमीटर. साडेपाच फुटाच्या माणसाचे पाय बऱ्यापैकी टेकतात, आणि अॅडव्हेंचर बाइकमध्ये ही फार मोठी गोष्ट आहे कारण केटीएम ३९० अॅडव्हेंचरची सीट ८५५ ची होती आणि नव्या ४५० ची पण ८२५ पासून सुरू होते. ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल पुढे २०० आणि मागे १८०, म्हणजे खड्ड्यात गाडी आपटत नाही, आणि आपल्याकडे खड्डा हाच पक्का रस्ता असल्यामुळे हा गुण शहरवाल्यांना पण रोज मिळतो.

पुढचं चाक २१ इंची. मोठं चाक खड्ड्यावरून, दगडावरून सहज जातं, खड्ड्यात शिरून अडकत नाही. त्या बदल्यात ताम्हिणीच्या वळणांवर गाडी पटकन पडत नाही, म्हणजे वळणात घालायला थोडा जास्त जोर लावावा लागतो आणि डावीकडून उजवीकडे फिरवताना ती वेळ घेते. सवय झाली की ती एकदम ठाम वाटते, पण ज्याला पल्सर किंवा ड्यूकच्या चपळपणाची सवय आहे त्याला पहिले काही दिवस बैल हाकतोय असं वाटणार.

पेट्रोलची टाकी १५ लिटर आणि अॅव्हरेज साधारण ३० धरा, हात कसा आहे त्यावर दोन तीन इकडे तिकडे. म्हणजे सव्वाचारशे साडेचारशेची रेंज. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी जी प्रसिद्ध पाटी आहे ना, तेवढं अंतर एका टाकीत कागदावर तरी बसतं, आणि नसेल बसत तर टाकीच्या बाजूच्या फ्रेमला कॅन लावायची सोय आहे. हल्ली सगळीकडे ई२० पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यामुळे अॅव्हरेज थोडं घटतं ते पण धरून चाला.

चिखलाचं मात्र वेगळं सांगतो. लोक समजतात अॅडव्हेंचर बाइक म्हणजे चिखलात घाला. सह्याद्रीतली लाल माती आणि खडी असेल तर गाडी जाते. पण सोलापूर, मराठवाड्याकडची काळी माती ओली झाली की वेगळा प्रकार. या गाडीला पुढे दोन मडगार्ड आहेत, एक वर चोचीसारखा आणि एक खाली चाकाला लागून, त्या खालच्या मडगार्डमध्ये काळी माती भरते, घट्ट होते आणि पुढचं चाक चक्क फिरायचं थांबतं. मग काडी घेऊन उकरत बसा. शेतातल्या वाटेने जायची रोजची गरज असेल तर तो मडगार्ड काढून किंवा उंच करून घेणारे मालक तुम्हाला भेटतील, त्यांना विचारा.

दोषांचे तीन ढीग करा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम. मालक तुम्हाला दहा तक्रारी सांगेल. त्या दहाच्या दहा एका पारड्यात टाकू नका. प्रत्येक तक्रार ऐकली की विचारायचं, ही पैसे टाकून जाते का, सवयीने जाते का, की कधीच जात नाही?

पैसे टाकून जाणाऱ्या: पुढच्या ब्रेकला बाइट कमी वाटणं, चांगले पॅड आणि ब्रेडेड होज (जाळीचं आवरण असलेला ब्रेकचा पाइप) टाकून बराच फरक पडतो. कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, लवकर ढिले होणं, ही ४११ ची फार गाजलेली तक्रार, टेपर रोलर बेअरिंग टाकले की निवांत. हॉर्न, हेडलाइट, सीटचा फोम, टायरची पकड हे सगळं यातच. कंपास चुकीची दिशा दाखवतो म्हणून चिडणारे पण भरपूर आहेत, त्याच्यावर तर पैसे सुद्धा घालवू नका, फोन आहे की.

सवयीने जाणाऱ्या: वळणात हळू पडणं, गिअर कुठे टाकायचा ते कळायला लागणारा वेळ, थंडीत सकाळी इंजिनला जरा गरम व्हायला देणं.

कधीच न जाणाऱ्या: वजन, ताकद, ट्यूबवालं चाक, आणि गाडीचा एकूण आकार. यांना पैसा टाकून सोपा उपाय नाही, सायलेन्सर बदलून साडेचोवीसचे चाळीस होत नाहीत.

आता निर्णय घेताना फक्त तिसरा ढीग कागदावरच्या किलोमीटरशी लावायचा. पहिल्या ढिगाची किंमत काढून ती गाडीच्या सौद्यातून वजा करायची. दुसरा ढीग विसरायचा. लोक नेमकं उलटं करतात, कंपास आणि हॉर्नवर तास तास बोलतात आणि १९९ किलोची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज मागे कशी ओढायची ते बघतच नाहीत.

ट्यूबबद्दल थोडं जास्त लिहितो कारण बाहेरगावी जाणाऱ्याला हे भोवतं. तारांचं चाक असल्यामुळे ट्यूबलेस नाही. पंक्चर झालं की बसल्या जागी पट्टी मारता येत नाही, चाक खोलायचं, टायर उतरवायचा, ट्यूबला पॅच मारायचा. गावातला पंक्चरवाला हे सगळं करतो, त्याला तारांची चाकं नवीन नाहीत, पण चाक खोलायचे पाने त्याच्याकडे असतीलच असं नाही आणि २१ इंची ट्यूब तर छोट्या गावात मिळणं अवघडच. म्हणून पुढची मागची एकेक ट्यूब, टायर लिव्हर आणि एक्सलचे पाने गाडीतच ठेवायचे. बरं, त्याच तारांच्या चाकाचा फायदा असा की जोरात खड्ड्यात गेलं तर रिम वाकते पण अलॉयसारखी तडकत नाही, आणि वाकलेली रिम सरळ करून देणारा माणूस तालुक्याला सापडतो. परत तेच, गुण आणि दोष एकाच चाकाला चिकटलेले.

मालकाला काय विचारायचं

"गाडी कशी आहे" असं विचारलं तर "एक नंबर" हेच उत्तर येणार, आपण घेतलेल्या गाडीला नावं कोण ठेवेल. असं विचारा: किती वर्षं झाली आणि रीडिंग किती? टायर कितव्यांदा बदलले? चेन सेट किती किलोमीटरला गेला? कोनसेट एकदा तरी बदललाय का? मागे कोण बसतं आणि किती वेळ बसतं, त्यांचं काय म्हणणं आहे? पावसाळ्यात रोज काढता का? शेवटची तीन बिलं बघू? घरात दुसरी गाडी आहे का? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. ज्याच्याकडे ऑफिसला जायला अॅक्टिव्हा पण आहे तो हिमालयनला ऑलराउंडर म्हणून वापरतच नाहीये, ट्रिपची गाडी म्हणून वापरतोय, त्याचं कौतुक तेवढ्यापुरतंच धरा. ज्याची ती एकच गाडी आहे, जो किराणा पण त्यावरच आणतो, त्याचं बोलणं सोनं आहे.

ज्याने गाडी विकली त्यालाही गाठा. विकून काय घेतली ते विचारा. हीरोची हलकी एक्सपल्स घेतली असेल तर वजनाने कंटाळला होता, ४५० घेतली असेल तर ताकदीने, आणि परत ४११ च घेतली असेल, असेही आहेत बरं का, तर मग काय ते समजून घ्या.

मॉडेलचं वर्ष पण विचारायचंच. २०१६ ला गाडी आली ती कार्ब्युरेटरवाली, त्या सुरुवातीच्या गाड्यांच्या तक्रारी खूप होत्या आणि त्याच गोष्टी लोक आजही सगळ्या ४११ ना लावतात ते बरोबर नाही. १ एप्रिल २०१७ पासून बीएस३ गाड्यांची विक्री बंद झाली, त्यानंतर फ्युएल इंजेक्शनवाली बीएस४ आली. २०१८ ला एबीएस आलं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही. २०२० ला बीएस६ आली तेव्हा मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय मिळाली, खडीवर उतरताना ते लागतं. २०२१ ला ट्रिपर नॅव्हिगेशन (रस्ता दाखवणारा छोटा डिस्प्ले), नवी काच आणि टाकीच्या बाजूची फ्रेम छोटी केली, आधीच्या फ्रेमला उंच माणसाचे गुडघे लागायचे. माझं मत विचाराल तर २०२० नंतरची बघा, बजेट नसेल तर एबीएसवाली बीएस४, कार्ब्युरेटरवाली फक्त हाताने काम करायची हौस असेल तरच.

चालवून बघायची ती कुठे आणि कशी

डीलरच्या समोरच्या सरळ रस्त्यावर दोन चकरा म्हणजे टेस्ट राइड नव्हे. मालकाला विनंती करा, त्यालाच मागे बसवा, पण तुमच्या रस्त्यावर घेऊन जा. सुरुवात पार्किंगपासून करा. गाडी बंद ठेवून उतारावर तोंड करून उभी करा आणि मागे ओढा. इथे कित्येकांचा निर्णय होऊन जातो. मग यू टर्न, एकाच प्रयत्नात, पाय न टेकवता, तुमच्या गल्लीत होतो का. मग सिग्नलला दहा पंधरा मिनिटं पहिल्या दुसऱ्यात, क्लचचा हात दुखतो का बघा. मग मोकळा रस्ता मिळाला की चौथ्यात ४० वरून नुसता अॅक्सिलरेटर देऊन ८० ला न्या, हे जे लागतंय तेच घाटात ओव्हरटेकला लागणार आहे.

आणि घरातलं माणूस मागे बसवल्याशिवाय पैसे देऊ नका. मागची सीट उंच आहे, कॅरिअर आहे, चढताना पाय बराच उचलावा लागतो. ड्रेस किंवा पँट घालणाऱ्याला जमतं, पण आईला साडीत एका बाजूला बसायचं असेल, गुडघे दुखत असतील, तर तिला बसवून, एक चक्कर मारून, उतरवून बघा. ती तोंडावर "ठीक आहे रे" म्हणेल, तुम्ही तिचा हात कुठे आहे ते बघा, तिने कॅरिअर घट्ट धरून ठेवला असेल तर तिला ते ठीक नाहीये. ज्या घरात ही एकच दुचाकी असणार आहे तिथे ही गोष्ट ताकदीपेक्षा आणि ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा मोठी आहे असं मला मनापासून वाटतं.

गाडी तपासायची

सेकंडहँड असेल तर मेकॅनिक न्या, पण ह्या चार गोष्टी स्वतः पण करता येतात. गाडीला मेन स्टँड आहे त्यामुळे सोपं जातं.

कोनसेट: मेन स्टँडला लावा, मागून कोणाला तरी कॅरिअर दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. खाली बसा, दोन्ही फोर्क चाकाजवळ खालून धरा आणि पुढे मागे हलवा. टक टक लागलं तर ढिला आहे. मग उभं राहून हँडल एका बोटाने अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्ये, चाक सरळ येतं तिथे, हँडल किंचित अडकल्यासारखं थांबलं तर बेअरिंगच्या वाटीला खड्डा पडलाय. हे घट्ट करून जात नाही, सेटच बदलावा लागतो. या अवस्थेत गाडी हळू चालवताना डुलते आणि मालकाला वाटतं टायर खराब आहे.

मागचं लिंकेज: मागचं चाक दोन्ही हातांनी वर खाली उचलून बघा. आधी थोडं सैल आणि मग घट्ट असं लागलं तर मोनोशॉकच्या (मागच्या एकाच शॉकच्या) लिंकेजचे, म्हणजे शॉकला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांचे, बेअरिंग गेले. ओढ्यातून, पावसातून फिरलेल्या आणि ग्रीस न केलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास, बसलं की कुई कुई आवाज पण येतो.

तारा: पान्याने एकेका तारेवर हलकं वाजवत जा. घट्ट तार खणखणीत वाजते, ढिली तार बद्द वाजते. दोन चार ढिल्या असतील तर चाक फिरवून, स्विंगआर्मला काडी टेकवून रिम डुलते का बघा. गाडी कोकणात किनाऱ्याला राहिलेली असेल तर तारांच्या निपलला गंज लागलाय का ते नीट बघायचं, गंजलेलं निपल फिरत नाही आणि मग चाक ट्रू, म्हणजे सरळ, करताच येत नाही.

इंजिन: थंड असतानाच बघायला जा, आधी फोन करून सांगा की गरम करून ठेवू नका. उजव्या बाजूला ऑइलची छोटी काच आहे, गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला उभी करून पातळी बघा. स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, तिथून निघून या. टॅपेटचा थोडा टिक टिक आवाज असतो, त्याला घाबरायचं नाही. फ्रेमवर हँडलच्या मानेजवळ आणि कॅरिअर जिथे बसतो तिथे टॉर्च मारून वेल्डिंग बघा, जास्त सामान लादून फिरवलेल्या गाड्यांचा त्रास तिथेच दिसतो.

दुसरं काय बघावं

तिसऱ्या ढिगात अडकलात तर हट्ट करू नका. वजन हीच अडचण असेल तर हीरो एक्सपल्स २०० आहे, जवळपास चाळीस किलो हलकी, पुढचं चाक तेच २१ इंची, पण हायवेला ८० च्या पुढे तिला कष्ट पडतात आणि सीट उंच. शहर आणि हायवे जास्त, कच्चा कमी, तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्स बघा, साडेसव्वीस पीएस आणि १६७ किलो, फक्त टाकी १२ लिटरची. २१ इंची चाकच नको असेल तर त्याच ४११ इंजिनची स्क्रॅम आहे, पुढे १९ इंची, वळणात जास्त मोकळी, ग्राउंड क्लिअरन्स थोडा कमी म्हणजे २००. आणि ताकद हवी तर ४५०, ४० पीएस, सहा गिअर, लिक्विड कूल्ड, पण इंजिन आरपीएम मागतं, ४११ सारखं खालच्या खाली रेटत नेता येत नाही. शांतपणे दिवसभर चालवणाऱ्याला मी अजूनही ४११ च सांगेन, आणि रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये जाणाऱ्याला मी ती सांगणार नाही, मग त्याला ती कितीही आवडत असू दे.

सौदा आणि पहिला आठवडा

वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून लोन आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. थकलेले ई-चलान विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लागली आहे का बघा. इन्शुरन्स पण लगेच आपल्या नावावर करून घ्या, अपघात झाल्यावर आठवून उपयोग नसतो.

गाडी घरी आली की लांबची ट्रिप काढायच्या आधी इंजिन ऑइल, फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदला, आधीच्या मालकाने कालच बदललं असं सांगितलं तरी. लिंकेज उघडून ग्रीस करून घ्या. कोनसेट शंकास्पद असेल तर त्याच वेळी टेपर बेअरिंग टाका, मजुरी एकदाच लागेल. मग घरीच मेन स्टँडवर पुढचं आणि मागचं चाक एकदा स्वतः खोलून बसवून बघा, तुमच्याच टूलकिटमधल्या पान्यांनी. एक्सलचा नट हलत नसेल तर ते घराच्या दारात कळलेलं बरं, वरंधा घाटात संध्याकाळी पावसात कळण्यापेक्षा.